हिंगणघाटचं थडगं आणि हरवलेलं उणे चिन्ह

हिंगणघाट म्हटलं की कापूस आठवतो. पण वणा नदीकाठच्या या गावात एका इंग्रज कर्नलचं थडगं आहे, आणि ते माहीत असणारे फार थोडे. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर साखळी अंथरून त्याने जेमतेम बारा किलोमीटरचं अंतर मोजलं आणि तेवढ्या भांडवलावर हिंदुस्थान मोजायला घेतला! पुढे मधूनमधून पडताळणीला साखळी निघायची, एरवी काम कोनांचं. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवायचं, लांबच्या खुणांमधला कोन टिपायचा, न मोजलेल्या बाजू कागदावर काढायच्या. एका त्रिकोणाची बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया. असे त्रिकोण विणत विणत तो वीस वर्षं देश पालथा घालत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटात वारला. त्याच्यामागे एव्हरेस्टने (हो, शिखराला ज्याचं नाव आहे तोच) ती त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायथ्याला नेऊन भिडवली.

एवढ्याशा माहितीतून एवढं सारं निघतं कसं? त्याचं बीज शाळेतल्या एका उदाहरणात आहे. साईन ३/५ आहे, बाकीची पाच गुणोत्तरं काढा. आपण पाठ केलेली रीत लावतो आणि मोकळे होतो. जरा थांबा ना! एका अपूर्णांकातून पाच संख्या निघताहेत.

साईन ३/५ म्हणजे कर्ण ५, समोरची बाजू ३. मग तिसऱ्या बाजूला काही निवडच उरत नाही. २५ मधून ९ गेले, उरले १६, म्हणजे बाजू ४. कोसाईन ४/५, टॅन ३/४, आणि हे तिघे उलटे केले की कोसेक, सेक, कॉट. त्रिकोण पाच सेंटिमीटरचा असो की पाच कोसांचा, उत्तर तेच.

पण इथे एक चोरी झाली आहे. वर्ग केला की उणे चिन्ह गिळलं जातं. ४ चा वर्ग १६, उणे ४ चाही १६. वर्गमूळ काढताना गेलेलं चिन्ह परत कसं आणणार? आकडेमोड कितीही करा, ते मिळत नाही. ते सांगायला कोणालातरी जागेवर उभं राहून दिशा बघावी लागते.

चला, हिंगणघाटलाच उभे राहू. कोन पूर्वेपासून मोजू, म्हणजे समोरची बाजू उत्तर-दक्षिण आणि तिसरी पूर्व-पश्चिम. पूर्व आणि उत्तर अधिक, पश्चिम आणि दक्षिण उणे. ईशान्येला नागपूर, तो पहिला चरण. वायव्येला वर्धा, दुसरा. नैर्ऋत्येला पांढरकवडा, तिसरा. आग्नेयेला वरोरा, चौथा. आता साईन ३/५ काय सांगतो? एवढंच, की तुम्ही उत्तरेच्या बाजूला आहात. नागपूरच्या अंगाला की वर्ध्याच्या, यावर तो गप्प! ‘दुसरा चरण’ असे दोन शब्द मिळाले की गाडी वर्ध्याकडे वळते: कोसाईन उणे ४/५, टॅन उणे ३/४, सेक उणे ५/४, कॉट उणे ४/३. कोसेक मात्र साईनचाच उलटा, म्हणून तो ५/३, अधिकच.

टॅनची गंमत तर आणखी न्यारी. तो फक्त रेषेचा तिरपेपणा ओळखतो, त्या रेषेवर तुमचं तोंड कुठे आहे ते त्याला कळत नाही. टॅन ३/४ म्हटलं तर नागपूरची बाजूही बरोबर आणि पाठीमागची पांढरकवड्याचीही. उणे भागिले उणे, पुन्हा अधिक.

कोणत्या चरणात कोण अधिक, याचे तक्ते मुलांकडून घोकून घेतात ते मला कधीच पटलं नाही. गावं लक्षात ठेवा, चिन्हं आपोआप येतात.

आता एक तुमच्यासाठी. हिंगणघाटहून निघालात, साईन उणे ५/१३, टॅन अधिक. कोसाईन किती, आणि तुम्ही वरोऱ्याच्या बाजूला आहात की पांढरकवड्याच्या?