बाबांचं विमान कधी उतरणार?

देवनहळ्ळीत आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खाली दिसतात की शेपटीवरचं चित्रसुद्धा ओळखता येतं. २००८ साली इथला विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून या गावाचं आकाश कधी रिकामं राहिलेलं नाही. शेजारच्या मराठी घरातल्या साडेचार वर्षांच्या मुलाचे वडील गेले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं, "बाबा वर गेले." तो रोज संध्याकाळी गच्चीत येऊन उभा राहायला लागला. दहाव्याच्या दिवशी त्यानं आजीला विचारलं, "आजी, बाबांचं विमान कधी उतरणार?"

आजीला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. ते दिलं त्याच्या बालवर्गाच्या मिसनी. तेरावं उरकल्यावर तो शाळेत गेला, तेव्हा त्या त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि साध्या हिंदीत म्हणाल्या, "बाबांचं शरीर चालायचं थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखतही नाही. ते परत येणार नाहीत. मी मात्र रोज इथे असणार आहे." त्यानं ऐकून घेतलं आणि उठून ठोकळ्यांकडे गेला. त्याची आई हे सांगताना म्हणाली, "त्याला काही कळलंच नाही हो."

कळलं होतं. ते कसं कळतं, ही मी वाचलेल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक आहे. मारिया नागी या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वयाच्या ३७८ मुलांशी मृत्यूविषयी बोलून, त्यांची चित्रं पाहून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाचाच्या आतल्या मुलांना मृत्यू म्हणजे कुठेतरी जाणं वाटत होतं, आणि गेलेला माणूस तिथे जेवतो, झोपतो, परतही येऊ शकतो. मधल्या वयात मृत्यू बऱ्याचदा माणसाचं रूप घेऊन येतो, पकडून नेणारा कुणीतरी. नऊच्या आसपास तो शरीराचा आणि सगळ्यांचाच शेवट आहे हे उमगतं. गच्चीतला मुलगा चुकत नव्हता, त्याच्या वयाप्रमाणे बिनचूक विचार करत होता. चुकत होतो आम्ही. 'देवाघरी गेले', 'झोपले', 'बाहेरगावी गेले' हे आपले मऊ शब्द या वयाची मुलं अक्षरशः घेतात. 'झोपले' ऐकलेलं मूल मग अंथरुणाला घाबरू शकतं.

आणि ठोकळे? लहान मुलाचं दुःख श्रावणातल्या उन्हापावसासारखं असतं. एक सर येते, लगेच ऊन पडतं, पुन्हा सर. एका वेळी पेलेल तेवढंच मन आत घेतं आणि बाकीचं बाजूला ठेवून खेळायला पळतं. मधल्या काळात पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, चिडचिड होते. कधी मनात खोल कुठेतरी बसलेलं असतं की मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून बाबा गेले. 'तुझ्यामुळे काही झालं नाही' हे न विचारताही सांगावं लागतं.

अशा वेळी परक्या माणसाचा उपयोग काय, असं वाटेल. १९९२ साली मानसशास्त्रज्ञ मेगन गनर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांना अर्धा तास आईपासून दूर, अनोळखी बाईजवळ ठेवलं. जिथे ती बाई बाळ रडलं तरच लक्ष देत होती, एरवी नुसती बसून राहिली, तिथे बाळांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलं. जिथे ती बाळाशी खेळली, बोलली, तिथे ते तसं वाढलं नाही. अर्ध्या तासाची ओळख, तरी मायेचा हिशेब थेट शरीरात उमटला! शाळेतल्या बाई तर रोज काही तास असतात.

परक्या माणसांनी मुलांना सावरणं महाराष्ट्रानं फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून किल्लारी-सास्तूरकडची गावं झोपली होती. भूकंप झाला, जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड छपरं झोपलेल्यांवरच कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातल्या १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. आधी पिंपरीत, मग वाघोलीला त्यांच्यासाठी संकुल उभं राहिलं. त्याच वेळी पन्नालाल सुराणांनी राष्ट्र सेवा दलाच्या साथीनं नळदुर्गजवळ 'आपलं घर' सुरू केलं, मुलांच्या मातीपासून फार लांब नाही. न्यावं की तिथेच ठेवावं, यावर मी बराच विचार केला. माझं मत नळदुर्गकडे झुकतं, कारण आधीच इतकं हरवलेल्या मुलाला बोली, शिवार, ओळखीचं तोंड तरी उरावं. पण पडलेल्या गावात शाळाच उभी नसताना वर्ग, वह्या आणि वेळेवर जेवण देणारं वाघोली किती मोलाचं, हेही तितकंच खरं. पुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही त्याच वाघोलीत शिकायला आली.

पण मूल कुठे राहतं याइतकंच त्याच्याजवळ कोण असतं, हेही महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांच्या पाळणाघरात सुरुवातीला सगळ्या मुलांकडे सगळ्या बाया बघत. मग चार-पाच मुलांमागे एकच बाई नेमली, छोटी 'कुटुंबं' केली. पहिल्यांदा मत्सर, रडारड, चिकटून बसणं वाढलं. मागोमाग बोलणं, स्वच्छतेच्या सवयी, सगळंच भराभर सुधारलं. अनेक दयाळू हातांपेक्षा आपला असा एक हात.

म्हणून चांगली शाळा करते ती कामं अगदी साधी असतात. मूल परत येण्याआधी घरच्यांना विचारून वर्गाला खरं सांगणं. रडू आलं तर न विचारता उठून कुठे जायचं, ते ठरवून देणं. 'माझे बाबा' हा निबंध फळ्यावर लिहिण्याआधी थांबणं. वर्षश्राद्धाची तारीख वहीत टिपून ठेवणं. आणि घंटा, हजेरी, डबा यांची वेळ न चुकवणं. ज्याचं जग एका रात्रीत बेभरवशाचं झालं, त्याला साडेदहाची मधली सुट्टी साडेदहालाच झाली याचा आधार किती वाटत असेल, ते मोठ्यांना सहज कळत नाही.

जूनमध्ये त्या वर्गात एक नवी मुलगी आली. आईसाठी हंबरडा फोडून रडत होती. आमच्या गच्चीतला मुलगा तिच्याजवळ जाऊन बसला, असं मिसनी सांगितलं. तिला म्हणाला, "तुझी मम्मी साडेबाराला येणार. माझीपण साडेबाराला येते. माझे बाबा नाही येत. तू लाल ठोकळा घे."