शिश्नभंग : उपचाराची वेळ आणि संकोच

प्रतिवर्षी या अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर एखाद्या आजाराची माहिती देण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदाचा विषय घरात सहसा उच्चारला जात नाही. पुरुषाच्या जननेंद्रियास होणाऱ्या इजेविषयी, म्हणजे शिश्नभंगाविषयी, आम्ही हेतुपुरस्सर लिहीत आहोत. कुष्ठरोग लपविला जात होता त्या काळात, १९४६ साली, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीत तपोवन उभारले. लपविल्याने दुखणे वाढते, हा धडा या भूमीला नवा नाही.

शिश्नात हाड नसते. आत रक्त साठविणारे स्पंजासारखे दोन लांबट भाग असून त्यांवर चिवट वेष्टन असते. एरवी सुमारे २ मिलिमीटर जाड असलेले हे वेष्टन ताठर अवस्थेत ताणले जाऊन पाव ते अर्धा मिलिमीटर इतकेच उरते. अशा वेळी, बहुधा समागमात, अवयव एकाएकी वाकल्यास ते फाटते. तुटल्यासारखा आवाज येतो, ताठरता तत्काळ जाते, सूज येते व अवयव वांग्यासारखा जांभळा पडतो. मूत्रमार्गातून रक्त येणे किंवा लघवी अडणे, ही मूत्रमार्गालाही इजा झाल्याची लक्षणे असू शकतात.

निदान बहुतांशी हकिकत व तपासणी यांवरूनच होते. शंका असल्यास सोनोग्राफी अथवा एमआरआय करतात. शस्त्रक्रियेत साकळलेले रक्त काढून फाटलेले वेष्टन शिवले जाते. ती शक्यतो पहिल्या २४ तासांत व्हावी. तथापि काही दिवस उलटले म्हणून सर्व संपले असे नाही. उशिरा आलेल्या रुग्णांनाही शस्त्रक्रियेचा लाभ होतो. खरी हानी शस्त्रक्रिया टाळल्याने होते. जखमेच्या जागी कठीण व्रण धरतो, अवयव वाकडा होतो आणि ताठरता कायमची उणावण्याचा धोका वाढतो. शेक, मालिश वा लेप यांनी फाटलेले वेष्टन सांधत नाही.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला. रस्ता सुधारला, परंतु घराच्या उंबरठ्यावर जाणारा वेळ तसाच आहे. 'डॉक्टरांना काय सांगावे?' या एका प्रश्नापायी रुग्ण रात्र काढतो, मग दिवस काढतो. घडले तसे सांगावे, एवढेच पुरेसे आहे. डॉक्टरांना ते नवे नसते.

वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य पुरुषांचे वैवाहिक जीवन पूर्ववत होते. साधारणतः चार ते सहा आठवडे समागम वर्ज्य असतो. नेमकी मुदत शल्यचिकित्सक सांगतात. पुढेही काहींना अडचण येते ती जखमेमुळे नव्हे, तर पुन्हा तसेच होईल या भीतीमुळे. पत्नीच्या मनातही स्वतःविषयी दोषभावना असते. म्हणून पतिपत्नींनी एकत्र येऊन सल्ला घ्यावा, असा आमचा आग्रह असतो.

अशा रुग्णाची विचारपूस सर्वांसमक्ष होऊ नये आणि अनामत रकमेवाचून रात्रीची शस्त्रक्रिया अडू नये, ही दक्षता आम्ही देणगीदारांच्या बळावर घेतो. ताळेबंदात याचा वेगळा रकाना नसतो. रुग्णांच्या आप्तांना एकच विनंती : असा प्रसंग ओढवल्यास प्रश्न विचारीत बसू नका, रुग्णाला मूत्ररोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात तातडीने न्या.