दुसरा उन्हाळा काढणारा टॅब

जूनचा पहिला आठवडा होता. जालन्यात गांधी चमनजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी फोनची चार्जिंग पिन बदलून घ्यायला थांबलो होतो. तेवढ्यात मंठ्याकडून आलेली एक बाई दहावीत गेलेल्या मुलीला घेऊन दुकानात शिरली. "भाऊ, लेकरासाठी टॅब पाहिजे. लई मोठा नको. पुस्तक दिसलं म्हंजे झालं." दुकानदाराने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "ताई, नवा माझ्याकडं नाही. आणि दुसरीकडून घेतला, तरी एक सांगून ठेवतो. फोनचा फोल्डर फुटला तर मी अर्ध्या तासात टाकून देतो. टॅबचा फोल्डर जालन्यात मिळत नाही. मागवायचा म्हटलं तर येईलच असं नाही."

दुरुस्तीच्या धंद्यात काच, टच आणि डिस्प्ले मिळून जो जोड होतो, त्याला फोल्डर म्हणतात. छोट्या, स्वस्त टॅबला बाजार आहे का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं. गिऱ्हाईक तर समोर उभं होतं, पैसेही पदराला बांधून आणले होते.

आपल्या देशाने हा प्रश्न एकदा मोठ्या उमेदीने सोडवायला घेतला होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅब्लेट जाहीर केला. डेटाविंड या कंपनीचा हा टॅब हैदराबादेत जोडला जात होता आणि सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडत होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. तो रखडत चालायचा आणि बॅटरी लवकर संपायची. पुढे प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला, प्रा. दीपक फाटक यांनी तो हाती घेतला आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आला. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा झाला, रॅम दुप्पट झाली, टच सुधारला, आणि किंमत मात्र २,२६३ रुपयांवरच राहिली. वर्षभरात एवढी मजल मारली जाते, हे मला आजही थक्क करतं.

पण सातच इंच का? काचेचं क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दहा इंची पडद्याला सात इंचीच्या साधारण दुप्पट काच लागते. काच वाढली की मागचा दिवा मोठा लागतो, दिवा मोठा झाला की बॅटरी मोठी लागते, आणि मग वजनही वाढतं. त्यात हातात धरायचे डीव्हीडी प्लेअर आणि डिजिटल फोटो फ्रेम यांच्यासाठी सात इंची, ८०० बाय ४८० ठिपक्यांचे पडदे आधीपासूनच ढिगाने तयार होत होते. ज्या मापाचा माल बाजारात मुबलक, त्याच मापाचा टॅब स्वस्त पडणार.

अॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांना हे माप अजिबात मान्य नव्हतं. सात इंची टॅब जन्मतःच मेलेले असतील, ते वापरायला माणसाला बोटं घासून बारीक करावी लागतील, असं ते ऑक्टोबर २०१० मध्ये म्हणाले होते. तरी पुढच्या दोन वर्षांत अॅमेझॉनचा किंडल फायर आणि गुगलचा नेक्सस ७ हे दोन्ही १९९ डॉलरचे सात इंची टॅब आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये खुद्द अॅपलने ७.९ इंची आयपॅड मिनी विकायला काढला. बाजार होता, हे तेव्हाच सिद्ध झालं. तो गिळला फोनने. आजच्या साडेसहा इंची फोनचा पडदा साधारण १०२ चौरस सेंटिमीटर भरतो, जुन्या सात इंची टॅबचा १३९, आणि दहा इंचीचा २९५ च्या आसपास. खिशात १०२ असताना १३९ साठी वेगळे पैसे कोण मोजणार? म्हणून दुकानांतले टॅब आता आठ इंचांच्या पुढे सरकले आहेत आणि ओळखीच्या कंपनीचा साधा टॅब दहा हजारांच्या आसपास जातो.

सात इंची टॅबबद्दल आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने जवळून पाहावी अशी आहे. आकाशच्या पडद्यावर एका इंचात १३३ ठिपके बसत, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.१९ मिलिमीटरचा. इंग्रजी अक्षराला तेवढे पुरतात. आता 'मूर्तींना' हा शब्द घ्या. खाली दीर्घ उकार. वर एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. आपली ओळ तीन मजल्यांची असते. तीन मिलिमीटर उंचीच्या ओळीला तिथे सोळाच ठिपके मिळतात. शिरोरेषेच्या वरच्या मजल्याला त्यातले चारच आले, तर त्या चार ठिपक्यांत वेलांटीची कमान, रफाराचा आकडा आणि अनुस्वाराचं टिंब एकमेकांत मिसळून काळा डाग होतो. त्यात आकाशवरच्या अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरीची धड सोयच नव्हती. ए-फोर आकाराची सराव प्रश्नपत्रिका या पडद्यावर उभी बसवली, तर १४ पॉइंटचं अक्षर सहा पॉइंटवर येतं. मूल ते बोटांनी मोठं करतं, डावीकडून उजवीकडे सरकवतं, पुढच्या ओळीला परत डावीकडे आणतं. अशा वाचनात वाक्याचा धागा तुटतो.

हे टाळता येत होतं, आणि तेही महाराष्ट्रातच दिसलं होतं. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पातले हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप पोहोचले. भारतातला तो पहिला प्रयोग. त्या यंत्राचा पडदा साडेसात इंचीच होता, पण १२०० बाय ९०० ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला २००. मागचा दिवा बंद केला की तो उन्हाच्या उजेडात कागदासारखा काळा-पांढरा वाचता यायचा. मेरी लू जेप्सन यांनी तो खास शेता-अंगणात शिकणाऱ्या मुलांसाठी घडवला होता. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेला आणि मागे पडला. तो पडदा हातचा गेला, याची मला खरी हळहळ वाटते.

टचचंही थोडं सांगायला हवं. पहिल्या आकाशचा पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबला की दोन थर एकमेकांना टेकत. आताचे पडदे कपॅसिटिव्ह आहेत, बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार ते ओळखतात. वेचणीच्या दिवसांत कापसाच्या बोंडांनी बोटं कोरडी होऊन फाटतात, घट्टे पडतात. अशा बोटांना हा पडदा कधी कधी ओळख देत नाही. आमच्याकडच्या बाया करंगळीने फोन चालवतात, ते उगाच नव्हे.

पण जालन्यात टॅबचा खरा वैरी उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शाळेला सुट्टी लागते, टॅब लोखंडी कपाटात जातात, वर्गखोलीला कुलूप पडतं, वर पत्रे तापतात. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा अर्धे टॅब चालू होत नाहीत आणि माल हलका होता असा बोभाटा होतो. कपाटात घडलेलं असतं ते असं. लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या रासायनिक क्रिया चालूच असतात आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की दर वेळी त्यांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. बॅटरी पूर्ण भरून ठेवली असेल तर या उष्णतेत तिची ताकद कायमची घटते, आत वायू धरला तर ती फुगते आणि पडदा उचलला जातो. उलट रिकामी करून ठेवली असेल, तर बंद टॅबही थोडा थोडा करंट पीत राहतो. बॅटरीचा दाब अडीच व्होल्टच्या खाली घसरला की संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं. तशीच आठवडेच्या आठवडे पडून राहिली की आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळू लागतो आणि मग चार्जर लावूनही ती उठत नाही.

यावर उपाय फुकटचा आहे. सुट्टीआधी बॅटरी निम्मी भरायची, टॅब पूर्ण बंद करायचा आणि पत्र्याच्या खोलीऐवजी स्लॅबच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत, खालच्या कप्प्यात ठेवायचा. पंचेचाळीस अंशांच्या वर चार्जिंग तर करूच नये, त्यामुळे मे महिन्यातल्या दुपारी चार्जर लावायचाच नाही. टॅबच्या खोक्यात निघणाऱ्या माहितीच्या चिठोऱ्यावर या चार ओळी मराठीत मोठ्या अक्षरांत असत्या, तर कितीतरी टॅब वाचले असते. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'च्या लॅपटॉपांसाठी लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी निवडली गेली होती. ती वजनाला जरा जड, पण ताप सहन करणारी आणि कितीतरी जास्त वेळा भरता येणारी. मराठवाड्यासाठी टॅब घडवायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

स्वस्तपणाची दुसरी मेख साठवणुकीत असते. हलक्या टॅबमधली मेमरी छोटी. तिच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं. ती काठोकाठ भरली की त्याच उरलेल्या कप्प्यांवर पुन्हा पुन्हा लिहिलं जातं, ते लवकर झिजतात आणि यंत्र रेंगाळू लागतं. इकडे अॅप दर अपडेटला फुगत जातं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, ते याच कारणांनी. दोनच वर्षांपूर्वी मिळालेले २ जीबी रॅमचे फोन तापत होते, हँग होत होते, आहाराच्या नोंदींचं 'पोषण ट्रॅकर' हे अॅप त्यांना पेलवत नव्हतं आणि त्यातली इंग्रजीही आड येत होती. दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या तुटपुंज्या मानधनातून जात होता. खरेदीच्या दिवशी ते फोन स्वस्तच दिसले असणार.

मग फोन असताना टॅब हवाच कशाला? याचं उत्तर मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या पट्ट्यात मिळतं. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. लेकरं मागे आजीजवळ राहिली, तर घरातला एकुलता फोन बापाच्या खिशात कारखान्याच्या फडावर गेलेला असतो. तो न्यावाच लागतो, कारण मुकादमाचा निरोप त्याच्यावर येतो आणि पैसेही त्याच्यावरच येतात. ग्रामीण शिक्षणाच्या 'असर' पाहणीत २०१८ साली शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० मध्ये तो आकडा ६१.८ टक्क्यांवर गेला. पण २०२१ च्या पाहणीत घरी फोन असलेल्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो अजिबात येत नव्हता. फोन माणसाचा असतो, माणसाबरोबर फिरतो. टॅब घरात राहतो. मोठ्या बहिणीनंतर धाकट्याकडे जातो, शेजारची दोन पोरंही त्याच्याभोवती बसतात. फोनच्या १०२ चौरस सेंटिमीटरभोवती दोघंही धड बसू शकत नाहीत.

म्हणून मला वाटतं, बाजार आहे आणि मोठा आहे, पण तो पहिल्या दिवसाच्या किमतीवर उभा राहत नाही. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शासनच आहे. महाज्योती ही नागपूरची सरकारी संस्था जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देते. खेड्यातल्या पोरांसाठी ही मोलाची योजना आहे. अशा प्रत्येक खरेदीत बॅटरी आणि फोल्डर निदान पाच वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल, अशी अट असायलाच हवी. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबसाठी असा नियम लागू केला आहे. ८०० वेळा चार्ज करूनही बॅटरीत ८० टक्के ताकद उरली पाहिजे आणि सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत. हे तिथल्या थंड हवेत लागतं, तर जालन्याच्या उन्हात किती लागत असेल!

त्या दिवशी दुकानदाराने ड्रॉवरमधून एक जुना आठ इंची टॅब काढला. मागचं झाकण उचकटलं. आतली बॅटरी पापडासारखी फुगली होती. त्याच मापाची दुसऱ्या मॉडेलची बॅटरी घेऊन तो वायरी जोडू लागला. लाल आणि काळी जोडली, तिसरी, बारीक पांढरी, तशीच राहिली. ती वायर बॅटरीचा ताप चार्जरला कळवते. मी विचारल्यावर तो म्हणाला, "हिचा मेळ बसत नाही साहेब, पण तुम्ही म्हणता तर बघतो." मग पंधरा मिनिटं मान मोडून त्याने जुन्या बॅटरीवरचा तापमान मोजणारा मण्याएवढा तुकडा काढला आणि नव्या बॅटरीला लावला.

टॅब सुरू झाला. मुलीने दहावीच्या बीजगणिताचं पुस्तक उघडलं, आधी उभं धरलं, मग आडवं केलं. आडव्यात अर्धं पान आलं, पण अक्षर वाचता येत होतं. ती तिथेच बाकावर बसून पहिला धडा वाचायला लागली. आईने पदराची गाठ सोडली, नोटा मोजल्या आणि द्यायच्या आधी हात थांबवून विचारलं, "भाऊ, पुढल्या जूनमधी याची बॅटरी मिळंल ना तुमच्याकडं?"