‘आलोच’चं इंग्रजी

बोईसर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरत आलेली, एकच सीट रिकामी. रिक्षावाला हाक मारतो. टपरीवरून उत्तर येतं, ‘आलोच!’ आलेला कोणीच नसतो, ग्लासात अजून दोन घोट चहा असतो. तरी मराठी बिनधास्त भूतकाळ वापरते. इंग्रजीत याच जागी ‘आय ॲम कमिंग’ म्हणतात, म्हणजे चालू वर्तमानकाळ.

शाळेत मात्र गणित सोपं करून दिलेलं असतं: मराठीत ‘-त आहे’ दिसलं की इंग्रजीत ‘-इंग’ जोडायचं. महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी हे सूत्र काही सुटलं नाही. पुष्कळदा ते जमतंही, म्हणून तर चिकटून बसलंय.

खरी फसगत होते ती ‘बाबा झोपलेत’, ‘आजी ओट्यावर बसली आहे’, ‘तिने साडी नेसली आहे’ अशा वाक्यांत. ‘-त आहे’ कुठेच नाही, पण इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘-इंग’ लागतं: स्लीपिंग, सिटिंग, वेअरिंग. झोपी जाणं उरकलं, असं मराठी धरते. झोप चालू आहे, असं इंग्रजी धरते. आणि ‘ती साडी नेसते आहे’ म्हटलं तर? निऱ्या अजून हातात आहेत. तिथे ‘वेअरिंग’ चालत नाही, ‘पुटिंग ऑन’ म्हणावं लागतं.

उलटा घोळ ‘मला कळतंय’चा. ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ हे सूत्राला धरून असलं तरी प्रमाण इंग्रजीला खटकतं. तिथे ‘आय अंडरस्टँड’ एवढंच. मुंबईकर कवी निस्सीम एझिकेल यांनी आपल्या या ‘-इंग’च्या हौसेवर इंग्रजीतूनच मजेदार कविता लिहिल्या. मात्र ‘अशा क्रियापदांना -इंग कधीच नाही’ हाही गैरसमजच. ‘हॅव’चा अर्थ जवळ असणं असेल तर ‘आय हॅव टू सिस्टर्स’. जेवण चालू असेल तर ‘आय ॲम हॅविंग लंच’ अगदी बरोबर. बहिणींना मात्र ‘हॅविंग’ लावू नये.

हा काळ फक्त ‘आत्ता, या क्षणी’चा, असंही पाठ करून घेतात. तारापूर एमआयडीसीतला कामगार दुपारी घरी लोळत ‘आय ॲम वर्किंग नाइट्स धिस वीक’ म्हणू शकतो, कारण रात्रपाळी या आठवड्यापुरती आहे. ‘उद्या डहाणूला चाललोय’ यालाही ‘आय ॲम गोइंग’ चालतं. इथे दोन्ही भाषांचं छान जमतं.

‘पासून’ आलं की पुन्हा बिनसतं. डहाणूपर्यंत लोकल 2013पासून धावते आहे, म्हणून ‘इज रनिंग सिन्स 2013’ लिहिलं जातं. हवं ते ‘हॅज बीन रनिंग’.

आणि हे सगळं केवळ परीक्षेच्या मार्कांपुरतं आहे, असं वाटत असेल तर पाळी बदलतानाची नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. ‘द व्हॉल्व्ह लीक्स’ म्हणजे तो अधूनमधून गळतो, त्याची खोडच आहे. ‘द व्हॉल्व्ह इज लीकिंग’ म्हणजे थेंब आत्ता पडताहेत. पहिली नोंद वाचून पुढच्या पाळीचा माणूस आधी चहा घेईल. दुसरी वाचली तर ग्लास तसाच ठेवून उठेल.