तिथी पाहून पक्षी पाहावेत

अरण्यात पक्षी पाहणाऱ्याने पहाटे उठले म्हणजे भागते. समुद्रकिनारी मात्र सूर्याची सत्ता दुय्यम असून खरा अंमल भरती-ओहोटीचा चालतो, आणि म्हणून अलिबागेच्या दक्षिणेस अक्षीच्या पुळणीवर थंडीतील पाहुण्यांच्या भेटीस निघणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग उघडावे, हे बरे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा कोकणातील दर्यावर्दी लोकांचा पिढीजात हिशेब आहे: अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. अर्ध्यापाऊण तासाची तफावत गृहीत धरावी. तो काही सरकारी दस्तऐवज नव्हे. माझी पसंती द्वादशीला, कारण या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर सकाळचे ऊन पाठीशी राहते, आणि ओहोटीत दूरवर पांगलेले पक्षी चढत्या पाण्याने रेटले जाऊन सातच्या सुमारापासून आपण होऊन जवळ सरकू लागतात. सुरूच्या बनाच्या कडेला बैठक मारून दुर्बीण डोळ्यांस लावावी, एवढेच आपले कर्तव्य.

हिमालयापलीकडील पठारांवर वीण उरकून आलेले चिमुकले चिखले चार पावले धावतात, थबकतात, काहीतरी टिपतात आणि पुन्हा धावतात. कोरलाचे काम संथ. अर्ध्या वितेहून लांब, खाली वाकलेली आपली चोच खेकड्याच्या बिळात मुळापर्यंत खुपसून तो क्षणभर स्तब्ध राहतो, मग खेकड्यास बाहेर ओढतो, हिसडे देऊन त्याच्या नांग्या नि पाय झटकून टाकतो आणि तेव्हा कुठे उरलेला धडाचा भाग गिळतो. हा सारा विधी चालू असता एखादा कुरव आयत्या घासावर नजर ठेवून शेजारी उभा असतोच. या कुरवाचे वर्णन पुस्तकात ‘तपकिरी डोक्याचा’ असे असले तरी हिवाळ्यात ते डोके पांढरे होऊन डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो, आणि नवख्यांची फजिती होते.

येथून उत्तरेस, किहीमला, सलीम अलींनी 1930 च्या सुमारास सुगरणींच्या विणीचा अभ्यास केला, तोही त्यांच्या घरट्यांसमोर ठाण मांडून. पक्ष्यांची लांबलचक यादी करण्याच्या हव्यासाने मैलोगणती फिरणाऱ्यांपेक्षा एका जागी बसणाऱ्यास अधिक दिसते, असे माझे मत आहे.

भरती पुरी झाली की पक्ष्यांच्या वाट्यास वाळूची अरुंद पट्टी उरते, आणि नेमकी तीच हल्ली गाड्या पळविणाऱ्यांस व मोकाट कुत्र्यांस प्रिय झाली आहे. थवा उठला की प्रत्येक उड्डाणात अंगची चरबी खर्ची पडते, आणि वसंतातील परतीच्या प्रवासाची शिदोरी तीच असते. तेव्हा वाचकांस विनंती एवढीच, की भरतीच्या वेळी सुरूच्या बाजूने, कोरड्या वाळूवरून चालावे. पक्षी माना उंचावून पाहू लागले की तेथेच थांबावे, आणि छायाचित्राच्या मोहाने तर एक पाऊलही पुढे टाकू नये.