प्लास्टर निघाल्यानंतर

पाय मोडलेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी साधारणपणे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "कसा काय मोडला?" आणि दुसरा, "प्लास्टर कधी निघणार?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की सर्वांना हायसे वाटते. जणू काही ज्या दिवशी प्लास्टर निघेल त्या दिवशी आजारही त्या पांढऱ्या तुकड्यांबरोबर केराच्या टोपलीत जाणार! प्लास्टर निघाल्यानंतर पुढे काय, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. वाचकहो, दुखण्याचा लांबलचक आणि कंटाळवाणा भाग त्या तिसऱ्या प्रश्नातच दडलेला असतो. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही. इतिहास विषय घेऊन कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि खो-खोच्या संघात खेळते. निदान गेल्या जुलैपर्यंत खेळत होते. जुलैत नदीच्या घाटावर एका ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या पायाचा बाहेरचा घोटा मोडला. आमच्या घरातला हा दुसरा मोडलेला घोटा. पहिला माझ्या आत्याचा, सुमारे वीस वर्षांपूर्वीचा. ती आजही किंचित लंगडते. हाड दोघींचेही जुळले. मग एकीच्या चालण्यात खोट का राहावी, या कुतूहलापोटी मी डॉक्टरांना, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांना पुष्कळ प्रश्न विचारले. पुढे जे लिहिले आहे ते त्यांतून हाती लागलेले.

प्रथम घोट्याची रचना पाहू. आपण ज्यांना आतला आणि बाहेरचा घोटा म्हणतो ती स्वतंत्र हाडे नव्हेत. आतला घोटा म्हणजे नडगीच्या जाड हाडाचे खालचे टोक आणि बाहेरचा घोटा म्हणजे तिच्या शेजारच्या बारीक हाडाचे टोक. या दोन टोकांच्या मध्ये एक खाच तयार होते आणि त्या खाचेत पावलाचे सर्वांत वरचे हाड, ज्याला डॉक्टर टॅलस म्हणतात, ते सुताराने बेतून बसवावे तसे बसलेले असते. भोवताली चिवट अस्थिबंध असतात. अंगाचा सगळा भार या एवढ्याशा सांध्यातून जमिनीवर जातो आणि चालताना तर तो शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो. म्हणून येथे बारीकसारीक फरकालाही फार किंमत आहे. रॅम्झी आणि हॅमिल्टन या दोघांनी १९७६ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. टॅलस आपल्या जागेवरून बाहेरच्या बाजूला केवळ १ मिलिमीटर सरकले, तर सांध्यातील हाडांचा परस्परांशी येणारा संपर्क सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असे त्यांना आढळले. काहींच्या घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतात ते एवढ्याचसाठी. माझे हाड मोडले होते, पण सरकले नव्हते. त्यामुळे शस्त्रक्रिया टळली आणि सहा आठवड्यांच्या प्लास्टरवर निभावले.

या सहा आठवड्यांत आत काय चालते? मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ, कूर्चेसारखा सांधा धरतो. मग त्यात क्षार साठून तो कठीण होऊ लागतो आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत भार पेलण्याजोगा होतो. पण ती झाली डागडुजी. त्यानंतर शरीर त्या ओबडधोबड सांध्याला तासून, घासून मूळ आकार देत बसते आणि हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षाच्याही पुढे चालते. सहा आठवड्यांनी डॉक्टर "हाड जुळले" म्हणतात त्याचा अर्थ "आता पुढचे काम सुरू करायला हरकत नाही" एवढाच समजावा.

प्लास्टर हे मोठे उपकारक साधन आहे, यात शंका नाही. पाणी लागताच घट्ट होणाऱ्या पांढऱ्या भुकटीचे पट्टे गुंडाळण्याची रीत मॅथाइसन नावाच्या डच लष्करी डॉक्टराने १८५२ साली प्रसिद्ध केली आणि असंख्य लोकांचे हातपाय सरळ राहिले. मात्र ते घातलेले असताना बोटे निळी पडली, बधिर झाली, किंवा वेदना कमी होण्याऐवजी वाढतच गेली, तर रात्र असो की सुट्टी, ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. पोटरी दुखून गरम लागू लागली तरीही तसेच; शिरेत रक्ताची गाठ झाल्याची ती खूण असू शकते. आणि खाज सुटली म्हणून आत विणकामाची सुई घालू नये. हा मोह किती अनावर असतो, ते ज्याचे त्यालाच ठाऊक!

पण हे साधन उपकाराची किंमतही वसूल करते. माझे प्लास्टर ऑगस्टच्या अखेरीस कापून काढले तेव्हा आतून निघालेला पाय मला परका वाटला. कातडी कोरडी, खपल्या धरलेली; पोटरी तर वितळल्यासारखी. व्यायामाच्या बाईंनी टेप लावून मोजली, तो डावीपेक्षा उजवी अडीच सेंटिमीटरने कमी! ज्या स्नायूला काम नाही तो शरीर पोसत नाही, हा निसर्गाचा व्यवहार. दुसरे नुकसान सांध्याचे. सहा आठवडे न हललेला घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा होतो. तिसरे, सूज. पायातले रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. तेच दुबळे झाल्यावर संध्याकाळपर्यंत पाय फुगणारच. ही सूज काही महिने, कधी वर्षभरही येत-जात राहते. तिला घाबरू नये, पाय उंच ठेवून स्वस्थ पडावे.

चौथे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. डोळे मिटले तरी आपले पाऊल कोठे आहे, कसे कलले आहे, हे आपल्याला कळते. ही जाण अस्थिबंधांत आणि स्नायूंत असलेल्या सूक्ष्म चेतातंतूंकडून येते. दुखापतीनंतर ती बोथट होते. फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवून दिले की, घोट्याचे अस्थिबंध दुखावलेल्या लोकांचा पाय पुन्हा पुन्हा दगा देतो त्याचे एक कारण ही हरवलेली जाण आहे आणि डगमगत्या फळीवर उभे राहण्याच्या सरावाने ती परत मिळवता येते. मला हे प्रत्यक्ष अनुभवाला आले. एका पायावर मिनिटभर उभी राहून वेणी घालणारी मी, प्लास्टर निघाल्यावर उजव्या पायावर चार आकडे मोजेपर्यंतही टिकेना.

आता व्यायामाविषयी. ते दिसायला इतके क्षुल्लक असतात की करताना हसू येते. पहिला व्यायाम पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरे गिरवण्याचा. इंग्रजी मुळाक्षरे सव्वीसच. मी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत गिरवली. 'ळ' आणि 'क्ष' काढताना घोट्याला ज्या दिशांना वळावे लागते त्या पाहता आपली लिपी या कामाला अधिक सोयीची आहे, असे माझे नम्र मत आहे. दुसरा व्यायाम जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा. तिसरा भिंतीपुढे उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवण्याचा. अंगठा आणि भिंत यांच्यामध्ये किती बोटे अंतर राहते ते मोजायचे. डाव्या पायाची आठ बोटे, उजव्याचे पहिल्या दिवशी एकही नाही. दसऱ्याला तीन झाली, दिवाळीला चार, संक्रांतीला सहा. तीन-तीन आठवडे हा आकडा जागचा हलत नसे. अशा वेळी माणूस खचतो आणि व्यायाम सोडतो. नेमका तेव्हाच तो सोडायचा नसतो.

येथे आपल्या राहणीचा एक मुद्दा सांगितला पाहिजे. समतल रस्त्यावर चालायला पाऊल वरच्या दिशेने साधारण १० अंश वाकले तरी भागते. खुर्ची, टेबल आणि उंच संडास वापरणाऱ्या समाजात तेवढ्यावर माणूस बरा झाला म्हणता येईल. आपल्याकडे मात्र भांडी घासायची, चुलीपुढे बसायचे, भात लावायचा, देशी संडासात जायचे तर उकिडवे बसता आले पाहिजे. त्याला याच्या दुपटीहून अधिक वाक लागतो. एस. टी.ची उंच पायरी, वर्गाचा जिना उतरणे, पंगतीतली मांडी, आणि आम्हां खेळाडूंना खो-खोच्या पाटीवर बसून 'खो' मिळताच झेपावणे, या सर्वांची परीक्षा घोटाच देतो. तेव्हा आपल्याकडे 'बरे होणे' याची इयत्ता मुळातच वरची आहे आणि त्यासाठी अभ्यासही जास्त लागतो.

हा अभ्यास हळूहळूच का वाढवायचा, याचे शास्त्र जुने आहे. युलिअस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली मांडले की, हाडावर जसा भार पडतो त्याप्रमाणे ते आपली घडण बदलते. भारच नाही तर ते विरळ होते. बेताबेताने भार वाढवला तर बळकट होते. म्हणून स्थिर मोडीच्या रुग्णांना आज डॉक्टर पूर्वीपेक्षा लवकर पाय टेकवायला आणि हलवायला सांगतात; कित्येकांना प्लास्टरऐवजी काढता-घालता येणारा बूटच देतात. पण मला खरे नवल वाटले ते सुश्रुतसंहिता पाहून. चिकित्सास्थानातल्या भग्नचिकित्सेच्या अध्यायात झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलावा, असाही नियम आहे. तरुणपणी सांधा महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, हे निरीक्षणही तेथे आहे. आणि तळहाताला इजा झालेल्या माणसाने प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि हाताला बळ आल्यावर दगड धरावा, असे सांगितले आहे. भार पायरीपायरीने वाढवावा, हे तत्त्व याहून सोप्या भाषेत कोण सांगणार?

आहाराबद्दल घरोघरी पुष्कळ सल्ले मिळतात. कोणी पायाचे सूप सुचवतो, कोणी कांडवेल आणून देतो. मला डॉक्टरांनी दूध, डाळी, अंडी, नाचणी आणि सकाळचे ऊन एवढेच सांगितले. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेव्हा भाकरीला नाके मुरडण्याचे कारण नाही. सिगारेट ओढणाऱ्याचे हाड उशिरा जुळते, हेही वसतिगृहातील काही मित्रांच्या माहितीसाठी नमूद करते.

आता आत्याकडे वळते. आत्या जावळीच्या खोऱ्यात राहते. तिचे प्लास्टर निघाले ते ऐन भातलावणीत. "प्लास्टर काढलं अन् दुसऱ्या दिवशी चिखलात उभी राहिले, पोरी," असे ती सहज सांगते. तिच्या सांगण्यात तक्रार नसते. तिला व्यायाम कोणी सांगितला नव्हता आणि सांगितला असता तरी तो करायला वेळ कोणी दिला नसता. जोवर पायावर पांढरे काही दिसत होते तोवर घरच्यांनी पाणी भरले, धुणे धुतले. ते दिसेनासे झाले आणि सगळी कामे तिच्याकडे परत आली.

येथे इतिहासातला एक दाखला आठवतो. घोट्याच्या एका मोडीला लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याचे नाव आहे. १७५६ साली घोड्यावरून पडून त्याची स्वतःची नडगी मोडली, हाड कातडीबाहेर आले. हिसके बसू नयेत म्हणून त्याने एक दार विकत घेऊन त्याला दांडे ठोकवले आणि त्यावरून स्वतःला घरी नेववले. पाय वाचला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने अंतर्गळाच्या आजारावर ग्रंथही लिहिला. आत्या आणि पॉट यांच्या हाडांत फरक नव्हता. फरक होता तो पडून राहण्याच्या मुभेत.

मित्रहो, मला ती मुभा मिळाली. आईने पाच महिने मला पाणी भरू दिले नाही. मैत्रिणींनी वह्या आणून दिल्या. आमच्या सरांनी प्लास्टर निघाल्यानंतरही दोन महिने आमचा तास खालच्या मजल्यावरच्या खोलीत घेतला. या शेवटच्या गोष्टीचे मोल मला फार वाटते. कारण तेव्हा कुबड्या गेल्या होत्या आणि वरवर पाहणाऱ्याला मी धडधाकट दिसत होते. यंदाचे सामने मी मैदानाबाहेर बसून, गुण लिहीत पाहिले. आज, सात महिन्यांनी, मी हलके धावते. पाटीवर बसले की उजवी टाच अजून बोटभर उचललेली राहते. ती टेकेल असे बाई म्हणतात. कधी, ते सांगत नाहीत.

तेव्हा एवढीच विनंती. कोणाचे प्लास्टर निघाले असे ऐकलेत तर पेढे अवश्य मागा, पण त्याची बसायची खुर्ची, त्याला मिळणारा मदतीचा हात आणि घरातल्या बाईला मिळालेली कामाची सुट्टी निदान आणखी दोन-तीन महिने काढून घेऊ नका. हाड आपले आपण जुळते. चालणे मात्र पुन्हा शिकावे लागते, आणि शिकायला वेळ लागतो हे महाविद्यालयातल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. मी चौकट धरून एका पायावर उभी राहून आकडे मोजत होते. तिने थोडा वेळ पाहिले, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूची चौकट धरून तीही उभी राहिली. सहापर्यंत गेली. इतक्या वर्षांनी वाक फारसा वाढणार नाही, पण तोल सुधारू शकतो, असे बाईंनी सांगितले आहे. परवा तिचा निरोप आला, आता ती पंधरापर्यंत पोहोचली आहे.