छातीच्या उंचीवरचा घेर

वरंध घाटाखाली कसबे, आंबे आणि कुंभे या तिन्ही शिवथरांच्या उतारांवर वर्षानुवर्षे हिंडताना माझी अशी धारणा दृढ होत गेली आहे की, अरण्याचे परिवर्तन पाहुण्याच्या दृष्टीस पडत नाही. त्याच वृक्षापाशी, त्याच ऋतूत, तीच फीत घेऊन जो स्वेच्छेने पुनःपुन्हा जातो, त्यालाच ते उमगते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन पहिले वनसंरक्षक झाले, पुढे राखीव जंगले ठरली, आणि १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात येथील वृक्ष दप्तरदाखल झाले.

परंतु यादीला घेर नसतो. घेर घेतात तो जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर. उतारावरचे झाड वरच्या अंगाने मोजतात, बुंध्याला आधारमुळांचे पंख फुटले असतील तर त्यांच्याही वर फीत लावतात, आणि त्या जागी रंगाची रेघ ओढतात, कारण फीत चार बोटे सरकली तरी पावसाळ्यापावसाळ्यांची वाढ खोटी ठरते. प्रत्येक खोडाला क्रमांकाचा पत्रा असतो. मेलेले झाड वहीतून खोडीत नाहीत; ते उभे वाळले, वाऱ्याने मोडले की वणव्यात गेले, हे तेथेच नमूद करतात, आणि मला तर जिवंत झाडांपेक्षा या मृत्युनोंदीच अधिक बोलक्या वाटतात. नीलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलईत रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ५० हेक्टरांचा चौकोन आखून एक सेंटिमीटर जाडीपासूनचे प्रत्येक खोड असे मोजावयास घेतले. ते संस्थेचे काम. दहा गुंठ्यांचा चौकोन मात्र दोन शिक्षक, काही विद्यार्थी आणि एक जाणता गुराखी सहज सांभाळतील.

गुराखी का, ते सांगतो. येथे भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, ऐन-किंजळाच्या फांद्या छाटण्याची जुनी वहिवाट. त्यामुळे वरकस जमिनीतला ऐन खांबासारखा उभा. माणसे मुंबई-पुण्यास गेली, गुरे घटली, तसा कोयताही थांबू लागला. "भाऊ, ह्या ऐनाला माझ्या सासऱ्यानं कोयता लावलेला, आता कोण चढतंय?" असे एका आजींनी मला सांगितले, आणि कोणत्याही वहीत नसलेली त्या झाडाची पूर्वस्थिती एका वाक्यात हाती आली. आता पसरणाऱ्या त्या छायेत अंजनी-जांभळाची रोपे तग धरतात काय, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

येथे विषयांतराचा मोह आवरत नाही. ज्यांची येथील शिवथरघळ शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली प्रकाशात आणली, त्या समर्थ रामदासांनी 'बागप्रकरण' रचून वनस्पतींची नामावळी गुंफली आहे. आमच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते भाविकांवरच सोपवून द्यावे, हे मला मुळीच मान्य नाही.

आता पुन्हा चौकोनाकडे, तो कोठे आखावा याकडे येतो. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच वृष्टीत महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पावसाने निर्जन उतारही सोलून निघाले, आणि माझ्या मते पहिला चौकोन तेथेच आखावा, कारण उघड्या मातीवर कोण आधी येते हे आरंभापासून लिहावयाची संधी अन्यत्र नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते आणि बी टाकून मरते. म्हणून निदान तिच्या दोन फुलोऱ्यांपर्यंत मोजणी चालली पाहिजे, म्हणजे आज प्राथमिक शाळेत बसणारी शिवथरची मुले तोवर कर्ती झालेली असतील. वनखात्याची लेखी परवानगी, फीत, होकायंत्र आणि जाड पुठ्ठ्याची वही, एवढ्यावर पहिला हिवाळा पार पडतो.